खिळ्यावरच्या चिठ्ठ्या

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तारांना डाग देताना तापलेल्या राळेचा वास आला, की मला तसाच वास असलेलं अकोल्याचं टेलिफोन एक्स्चेंज आठवतं. मी तिथे ऑपरेटर होतो. तिथून अमरावतीला लाइन एकच. कॉल मागणाऱ्यांच्या चिठ्ठ्या मी खिळ्याला टोचायचो आणि वरची चिठ्ठी आधी घ्यायची, अशी तिथली रीत. त्यामुळे कापसाच्या शेठजींची चिठ्ठी मागून येऊनही पुढे जायची. त्या दिवशी बार्शीटाकळीचा एक शेतमजूर सकाळीच चिठ्ठी देऊन बाकावर बसून होता; त्याची चिठ्ठी तळाशी गेली होती. त्याच्या मुलीला अमरावतीच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. पत्र उशिरा मिळालं, आणि बारापर्यंत होकार कळला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. पावणेबाराला मी सगळा गठ्ठा काढून उलटा टोचला. "शेठजीची चिठ्ठी खाली काहून गेली बे?" सुपरवायझर कडाडले. "ते मागून आले, साहेब." "नोकरी जड झाली काय तुले?" "जड झाली तर तुमी उतरवा," म्हणत मी प्लग खोचला. "येते, मास्तर! माई पोरगी उद्याच येते!" मजूर एवढ्यानं ओरडला, की अमरावतीला तारेवाचूनही ऐकू गेलं असतं. गठ्ठा त्यानंतर कुणी पुन्हा उलटवला नाही. मला मात्र मेमो मिळाला. समतेवर पुढे मी पुष्कळ पत्रकं लिहिली, पण तो मेमो अजून जपून ठेवला आहे. तेवढं खणखणीत प्रशस्तिपत्र मला पुन्हा मिळालं नाही.