अकरावा अर्ज

कचेरीत सगळे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एका परदेशी वकिलातीच्या व्हिसा विभागात ते सत्तावीस वर्षं नोंदणी कारकून होते. सकाळी आलेल्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या, वरून एकेक अर्ज उचलायचा, कागद तपासायचे आणि संगणकात नोंद करायची. व्हिसा द्यायचा की नाही ते आतले साहेब ठरवत. यांच्या हातात फक्त कुणाची नोंद आधी नि कुणाची नंतर, एवढंच.

शेवटच्या काही वर्षांत त्या देशाच्या सरकारनं नवा नियम काढला. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक कॉलेजला एक आकडा बांधून दिला. त्या आकड्याच्या ऐंशी टक्के अर्ज नोंदले जाईपर्यंत कॉलेजची मुलं जलद रांगेत, त्यानंतरची सगळी सावकाश रांगेत. कुणाला नाही म्हणायचं नाही, नुसतं थांबा म्हणायचं. कागदावर हे फार सभ्य दिसतं. कॉलेज मात्र ठरल्या तारखेला सुरू होतं.

फूटपट्टींचा स्वतःचाही एक नियम होता, कुणी न सांगितलेला. गठ्ठ्यात ओळखीच्या कुणाचा अर्ज दिसला की तो काढून सगळ्यांत खाली सरकवायचा. शेजारी असो, शाळासोबती असो, वशिल्याचं नाव काढायला जागाच ठेवायची नाही. नातेवाईक नाकं मुरडत. धाकटी बहीण तेवढी कौतुक करायची. “आमच्या दादाकडे बोट दाखवणारा अजून जन्माला यायचाय,” असं ती चारचौघांत सांगायची.

तिच्याच मुलीचा अर्ज आला. पोरगी हुशार. कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण तिला घ्यायचं होतं आणि एका चांगल्या कॉलेजात शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली होती. त्या दिवशी गठ्ठ्यात चाळीस अर्ज होते. भाचीचा अकरावा. फूटपट्टींनी तो उचलला, फोटोतल्या तिच्या गंभीर चेहऱ्याकडे बघून हसले आणि सवयीनं सगळ्यांत खाली घातला.

चार वाजत आले तेव्हा तिची नोंद झाली आणि पडद्यावर ‘सावकाश’ हा शब्द उमटला. त्यांनी यादी वर नेऊन पाहिली. दुपारी कधीतरी त्या कॉलेजची ऐंशी टक्क्यांची रेषा ओलांडली गेली होती. अकराव्या नंबरावर ती जलद रांगेत आरामात बसली असती. नोंद झाली की बदलता येत नाही, आणि बदलता आली असती तरी यांनी बदलली नसती, असले हे गृहस्थ!

व्हिसा मिळाला, नाही असं नाही. वर्ग सुरू होऊन महिना झाल्यावर मिळाला. तोवर कॉलेजनं जागा दुसऱ्याला दिली होती, शिष्यवृत्तीही गेली. बहीण म्हणाली, “नशीब तिचं, दादा. तू काय करणार?” दादांनी नुसती मान डोलावली. तेव्हाच बोलायला हवं होतं. सहा वर्षं ते रोज हेच स्वतःला सांगत राहिले. आपण रांग पाळली नाही, पोरीची हक्काची जागा काढून घेतली, आणि तीही कुणाच्या भल्यासाठी नव्हे, स्वतःच्या नावाला डाग लागू नये म्हणून.

निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते भाचीच्या दुकानात गेले. दुकान तिचं नव्हे, ती तिथं नोकरीला होती. काठ्या, कुबड्या, कमरेचे पट्टे. दोन गिऱ्हाइकं पुढं होती.

“मामा, तुम्ही या ना आधी!”

“नको, नंबरानं येतो.”

ती गिऱ्हाइकांना अभिमानानं म्हणाली, “हे माझे मामा. व्हिसाच्या कचेरीत होते, पण माझ्यासाठीसुद्धा कधी शब्द टाकला नाही.”

गिऱ्हाइकं गेली. ती खाली बसून त्यांच्या गुडघ्याला टेप लावत होती. तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत मामा बोलून गेले, “तुझ्या व्हिसाच्या अर्जाचा नंबर अकरावा होता. मी तुला चाळिसावी केली. तेवढ्यात तुझ्या कॉलेजची जलद रांग भरली.”

टेप तिच्या हातात तशीच राहिली.

“म्हणजे मी तुमची कुणी नसते, तर गेले असते?”

“हो.”

मग उठून तिनं फळीवरून पट्टा काढला, त्यांच्या गुडघ्याला नीट बसवला, सुरकुती राहिली तिथं बोटानं सरळ केला. त्यांना वाटलं, आता ओरडेल, रडेल. निदान एक शिवी तरी देईल.

“आईला सांगू नका, मामा,” ती मान वर न करता म्हणाली. “ती अजून सगळ्यांना तुमचंच उदाहरण देते.”