पाच पाकळ्यांचं फूल

अकरावी झाली, शाळा संपली आणि वडिलांनी माझं शिक्षण थांबवलं. कॉलेज म्हणजे रोज बसनं परगावी जाणं. ते घरात कोणालाच मान्य नव्हतं. सौंसरच्या त्या घरातून मी निघायची ती फक्त पाणी भरायला, तेही आईबरोबर.

दुपारी मी शाळेतली कंपासपेटी काढून बसायची. वर्तुळ काढलं आणि कंपासचं अंतर तेच ठेवून, कडेवर टोक रोवत कमानी काढत गेलं, की सहा पाकळ्यांचं फूल आपोआप तयार होतं. कागद संपले तेव्हा खिळ्याला सुतळी बांधून गेरूनं भिंतीवर काढलं. एकाला लागून दुसरं, असं करत ओसरी भरली.

"पाहुणे येऊन राहिले, अन् तू भिंती रंगवून राहिली?" आई ओरडली. पण पुसायला वेळ नव्हता.

पाहुणे पांढुर्ण्याचे. मुलाच्या आईनं विचारलं, "हे कोनं काढलं व?" आईनं घाबरत माझ्याकडे बोट दाखवलं. आता नकार येईल, अशी मला आशा वाटली.

"हात चांगला हाये पोरीचा," त्या म्हणाल्या. लग्न तिथंच ठरलं.

सासरी गल्लीत कोणाकडे लग्न असलं की सासूबाई मला घेऊन जायच्या. दाराशी सहा पाकळ्या काढायच्या आणि त्यांच्या मागे घरी यायचं. एरवी उंबरठ्याच्या आत.

एकदा सासऱ्यांनी आमच्या संत्र्याच्या बगीच्यातून फुललेली डहाळी आणली. त्या फुलाला पाच पाकळ्या! कंपासनं पाच काही जमेनात. शेवटी ताटाच्या कडेला दोरा गुंडाळला, तेवढ्या दोऱ्याच्या पाच सारख्या घड्या घातल्या आणि घडीघडीवर खूण केली. तोच दोरा परत कडेला लावला आणि पाच जागा सापडल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फूल काढलं.

"एक पाकळी कमी काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"संत्र्याचं फूल असंच असते, आई."

"असंन. लोकाईले सहाचं पाह्यजे." आणि त्यांनी त्यावर चुन्याचा हात फिरवला.

मी नवऱ्याला म्हटलं, एकदा बगीच्यात न्या, झाडावरची फुलं पाहायची आहेत.

"तुह्यं काय काम तिथं?" तो म्हणाला.

पुढे निंदणाला बाया मिळेनात, तेव्हा मला नेलं. फुलं कधीच गळून गेली होती. फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी संत्री धरली होती. सासूबाईंनी माझ्या हातात विळा दिला, आणि मी तण काढायला खाली बसले.