तिन्हीसांजेचं मरण

एका संध्याकाळी मी आमच्याच अंगणात तीनदा कोसळून मेलो आणि तिन्ही वेळा आईने मला उठवलं.

सयाजीराव महाराजांनी बडोद्यात शिक्षण सक्तीचं केलं होतं. सिनेमाचा नायक होणं काही सक्तीचं नव्हतं, ते मी आपखुशीने केलं! वडिलांनी बजावलं होतं, "सिनेमा धड झाला तर जा मुंबईला. नाहीतर सोमवारपासून कचेरीत कारकून!"

मूकपट छोटासाच. जखमी शिलेदार संधिप्रकाशात प्राण सोडतो, बस्स. (आमचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेत, मरण्याचा अनुभव घराण्यात होता.) हाताने फिरवायचा कॅमेरा मित्र रमणलालचा. "काले सवारे पाछो जोईए हं!" असा त्याचा दम, उद्या सकाळी परत हवा म्हणून. म्हणजे हाताशी एकच संध्याकाळ! कॅमेऱ्याचा दांडा माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे.

दांडिया बाजारातल्या आमच्या अंगणात उजेड सोनेरी झाला. मी छातीला हात लावून कोसळलो.

"ऊठ आधी!" स्वयंपाकघरातून आई कडाडली. "तिन्हीसांजेचं आडवं पडतात का? लक्ष्मी यायची वेळ ही!"

"आई, मी मेलोय!"

"शुभ बोल रे नाऱ्या! मरायचंच तर दिवे लागल्यावर मर!"

"दिवे लागल्यावर उजेड कुठला?"

दुसऱ्यांदा गुपचूप कोसळलो, तर तिने तोंडावर पाणी मारलं. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूही धावत आल्या. "अगंबाई, पोराला ताप आहे का?" इकडे उजेड चालला, फिल्म संपत आली. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं! शेवटी तह झाला : शिलेदाराने उभ्याउभ्या मरावं.

मी तुळशीवृंदावनाला टेकलो, डोळे मिटले, मान टाकली. दादा दांडा फिरवू लागला. काय मरण होतं म्हणून सांगू! माझं मलाच भरून आलं.

तेवढ्यात आईने तुळशीपाशी दिवा लावला. आणि जन्माची सवय! प्रेताने डोळे उघडले, दिव्याला हात जोडले, शिवाय वळून आईच्या पाया पडलं. दादाने दांडा सोडला नाही. (हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने नुसती मान लववली.) फिल्म तिथेच संपली.

रविवारी रमणलालच्या ओसरीवर चादर बांधून खेळ झाला. लोक पोट धरधरून हसले. वडील तेवढे हसले नाहीत, उलट प्रसन्न दिसले.

"मेल्यावरसुद्धा वेळेवर हात जोडतो!" ते म्हणाले. "असा माणूस कचेरीलाच हवा."

सोमवारी मी कारकून झालो. तिथे मात्र भरदुपारी कितीदाही आडवा पडलो, तरी उठवायला आई नव्हती!