वर न झालेला हात

डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रूट कॅनालसाठी मला मिळालेला पहिला पेशंट मंचरच्या बाजारात बटाट्याची पोती उचलणारा हमाल होता. "दुखलं तर हात वर करा," मी म्हणाले. तासभर त्याचा हात मांडीवरच होता. पायाची बोटं तेवढी आवळलेली होती; मला वाटलं, थंडीनं. आपल्याला जमलं, असंही वाटलं.

उठताना त्यानं डोळे पुसले.

"दुखलं का?"

"लई. पन ताई, तुमचा हात आधीच थरथरत व्हता. मी हात वर केला असता, तर तुमी परत कुनाच्या दाताला हात लावला नसता."

आता मंचरलाच माझा दवाखाना आहे. संध्याकाळपर्यंत पाठ मोडून येते. हात वर करा, असं अजून प्रत्येकाला सांगते, आणि बघते पायाच्या बोटांकडे.