मावशीचा अर्धा तास

भूतबित मी मानत नाही. आमच्या गावातल्या भुताच्या चिंचेखाली बसून मी डबा खाल्लाय, आणि भुताला 'या जेवायला' असंही म्हटलं नाही. तेव्हा मला वेड्यात काढायच्या आधी हे पूर्ण वाचा...

वाशीमला मंगरूळपीर रोडवरच्या एका डाळ मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे बोट लावून हजेरी घ्यायचं मशीन आलं. मशीन वेळ साठवतं ती ग्रीनिचची. आपल्याला दाखवताना प्रोग्रामने त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. मॅनेजरसाहेब (नाव लिहीत नाही, ते हे वाचतीलच, फक्त अर्ध्या तासाने) स्वतःच सेटिंग करायला बसले. तासांच्या खान्यात साडेपाच काही बसेना.

"सहा टाकतो. अर्ध्या तासानं का आभाळ कोसळते?"

"साहेब, आकडा टाकूच नका. यादीतून भारत निवडा, प्रोग्राम बरोबर हिशेब करते."

"तू मले शिकवतो काय बे?"

झालं! दहाला येणारा प्रत्येक जण मशीनमध्ये साडेदहाला उगवू लागला. बाकीच्यांचे लेट साहेबांनी माफ केले. माझ्या सख्ख्या रमामावशीचे मात्र नाही. मिलमध्ये डाळ निवडणारी ही बाई इतकी वेळेची पक्की, की गल्लीतला कोंबडा तिला पाहून आरवायचा. पण ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती, "साहेब, भिंतीवरचं घड्याळ पाहा न. तुमचं मशीन लबाड हाय."

महिन्याभरात साहेबांनी तिला 'रोज उशिरा येते' म्हणून काढलं. मावशी रडली नाही. फाटकात थांबून एवढंच म्हणाली, "माहा अर्धा तास तुमच्यापाशी राह्यला, साहेब. सांभाळा."

दुसऱ्याच दिवशी साहेब स्टेशनवर पोचले तर गाडीचं शेपूट दिसत होतं. पोरीच्या साखरपुड्याला पोचले तर पाहुणे हात धुऊन सुपारी चघळत होते. मालकांच्या मीटिंगला तर प्रत्येक वेळी चहाचे रिकामे कपच भेटले. त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं की बरोबर. त्यांच्या मनगटावर चढलं की काटा सुर्रकन अर्धा तास मागे! मोबाइलचंही तेच. सेटिंग मी तीनदा तपासली — भारतच निवडलेला. (माझ्यावर संशय घेऊ नका. मनात खूप होतं, पण एवढी अक्कल नव्हती.)

शेवटी मालकांनी मला विचारलं, ही वेळेची भानगड काय आहे. मी हजेरीच्या मशीनमध्ये सहा पुसून यादीतून भारत निवडला आणि सगळी हजेरी नव्याने काढून दाखवली. मावशीचा एकही लेट नाही! मालकांनी तिला परत बोलावलं. मावशीची एकच अट, "उद्या दहाले साहेबांनं फाटकात साऱ्यायसमोर म्हणावं, बाई वेळेवर येत होती."

साहेब आठलाच येऊन बसले. दहाला सगळी मिल गोळा झाली. साहेब उभे राहिले, तोंड उघडलं, ओठ हलले... आवाजच नाही! मान ताणली, डोळे बाहेर आले, घामाने शर्ट चिंब.

"बोला न साहेब, काहून लाजता?" बाया खिदळल्या.

मावशीने एक मिनिट वाट पाहिली. पदर खोचला. "साहेबाले उशीर हाय वाटते. मी नाई थांबत, मले काम हाय." ती आत गेली, तिच्यामागे सगळी मिल.

मी खिडकीतून पाहत होतो. बरोबर साडेदहाला, रिकाम्या फाटकात, साहेबांच्या गळ्यातून आवाज फुटला, "बाई वेळेवर येत होती!" ओठ मात्र बंद. ऐकायला समोर एक बकरी. तीही उठून गेली.

प्रोग्राममध्ये वेळ का चुकते ते मी झोपेतही सांगेन. माणसाच्या गळ्यात कशी चुकते, ते आजवर कळलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर लिहा. उपाय सापडला, तर मात्र कृपा करून स्वतःपाशीच ठेवा.