भिंतीपलीकडचा फोन

"आजपासून आमच्यासाठी कुणाचाबी फोन आला तर हाक मारायची न्हाई! बिलकुल न्हाई!" शेजारच्या शेठजींच्या दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं आणि तरातरा घरात येऊन पाणी प्यायलो. पेला खाली ठेवता ठेवता आठवलं की पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मवर फोन नंबर शेठजींचाच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवीन जालन्यात आमच्या गल्लीत फोन एकच, शेठजींच्या बैठकीतला, झालर लावलेल्या रुमालाखाली झाकलेला. सगळी गल्ली तोच नंबर देई आणि पुढे पी.पी. लिही, म्हणजे फोन शेजाऱ्याचा. फोन वाजणार एकाच्या घरी, माणूस पाहिजे दुसऱ्याच्या घरचा. मधे एक भिंत आणि एक हाक. आमची पोरगी पुण्यातल्या, जागा मिळायला अवघड अशा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वेटिंगवर होती. कुणी जागा सोडली की कॉलेज फोन करणार आणि दुसऱ्याच दिवशी तिथं हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्याला. पोरीचं सगळं त्या हाकेवर टांगलेलं होतं आणि ती हाक मीच बंद करून आलो होतो.

भांडण पाण्याचं. आमच्याकडे नळ यायचा तो पाव्हण्यासारखा, लांबलांबच्या अंतरानं आणि पहाटे. धार लागते न लागते तोच पलीकडे शेठजींची मोटर घुरघुरायची आणि आमच्या नळातलं पाणी उलटं आत जायचं. वडीगोद्रीच्या विहिरीत सूर मारलेला माणूस मी. जालन्यात येऊन रिकाम्या घागरीजवळ उकिडवा बसायचो. त्या दिवशी उठलो आणि गेलो.

"शेठ, मोटर बंद करा. आमची घागर बी भरंना."

शेठजी दात घासून राह्यले होते. फेस थुंकला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगी कॉलेजच्या वेटिंगवर, तुम्ही पाण्याच्या. घरालाच सवय हाय तुमच्या, अजून थोडं थांबा!"

ओट्यावर बसलेले दोघं-तिघं हसले. पाण्याचं बोलणं मी गिळलं असतं. पोरीचं गिळवलं नाही. मंग ते फोनचं तोंडून गेलं.

"जा, अन् सांगा रागात बोललो म्हणून," बायको म्हणाली.

"त्याच्या उंबऱ्यावर? जन्मात न्हाई."

"जन्म तुमचा न्हाई, पोरीचा चाललाय."

पोरगी उठली. तिनं खुर्ची उचलली आणि भिंतीला चिकटून ठेवली. तेव्हापासून तिचं वाचणं, तांदूळ निवडणं, वेणी घालणं, सगळं तिथंच.

मी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "फॉर्मवरच्या नंबरलाच फोन जातो. बदलायचा तर अर्ज घेऊन समक्ष या." मी बियाण्याच्या गोदामात स्टोअरकीपर. पेरणीचे दिवस, दारात ट्रक लागलेले. रजेचं नाव काढलं की साहेबांचा चेहरा गूळ संपल्यासारखा व्हायचा. मी आपला सुडाच्या तयारीला लागलो. ते काम रजा न घेता करता येत होतं.

बेत बरेच होते. मोटरच्या पाइपात चिंध्या कोंबायच्या. नगरपालिकेत निनावी अर्ज करायचा. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत भेंडीच्या बियाण्याला लावायचा लाल रंग सोडायचा, म्हणजे शेठजींचं पांढरं धोतर गुलाबी होईल. हा बेत मला फार आवडायचा, गोदामात पोती मोजताना मी एकटाच हसायचो. शेवटी फोनचीच तार कापायची ठरवली. ती आमच्या छपराच्या कडेवरून जायची. पक्कड घेऊन वर चढलो, तार चिमटीत धरली आणि तसाच उभा राहिलो. पुणं याच तारेतून येणार होतं. पलीकडे तारेवर एक कावळा झोके घेत होता. तार खराब होईल म्हणून त्यालाच हुसकावला आणि खाली उतरलो.

"झाला का सूड?" खालून बायकोनं विचारलं.

पुढच्या आठवड्यात पलीकडून "हॅलो, हॅलो" वाढलं, मग आदळआपट ऐकू आली. फोन डेड! वैऱ्याचा फोन आपोआप बंद पडला, असं सुख माणसाला किती वेळा मिळतं? आणि मला ते भोगता येईना. शेठजींना काय घाई, त्यांचा धंदा मोसंबीच्या आडत दुकानातल्या फोनवर चालायचा. मी सायकल काढली, टेलिफोन ऑफिसात गेलो आणि रांगेत उभं राहून त्यांच्या फोनची तक्रार लिहवली.

"फोन कुणाचा?"

"शेजारच्या शेठजींचा."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"शेजारी," मी म्हणालो. शब्द बाहेर यायला बराच वेळ लागला.

लाइनमन आला तेव्हा शिडी मी धरली. शेठजी ओट्यावरून बघत होते. त्यांची मिशी हलली. ती मिशी मी अजून विसरलेलो नाही. माझा जीव कुठल्या तारेत अडकलाय, ते त्यांना त्याच मिनिटाला कळलं.

मग त्यांनी मांडलंच. फोन आला की खिडकी सताड उघडायची आणि ओरडायचं, "कुठून? पुण्याहून?" आम्ही तिघं भिंतीला कान लावून उभे. "हां हां, बोला की... न्हाई हो, पुण्याला ह्या हप्त्यात मोसंबी न्हाई पाठवत!" आम्ही तिघं परत आपापल्या कामाला.

एका दुपारी मी घरी येऊन अंगणात जेवायला बसलो होतो. पलीकडे फोन वाजला. ओरडणं आलं नाही. थोड्या वेळानं शेठजींचं डोकं भिंतीवर उगवलं. माझ्याकडे न बघता, वर आभाळाकडे बघून ते म्हणाले, "हाक मारायची न्हाई, असं आपल्याला सांगितलेलं हाय. आपण काय हाक मारून राह्यलो न्हाई. पण पुण्याची बाई लाइनीवर हाय."

हातावरचं वरण तसंच घेऊन मी पळालो. जन्मात न ओलांडायचा उंबरा एका ढांगेत ओलांडला. बैठकीत शेठजी रिसीव्हरच्या तोंडावर तळवा दाबून उभे.

"मोटर लावू का न्हाई?"

"शेठ, पोरीचं..."

"मोटर."

तळव्याखालून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. पोरगी माझ्या मागं दारात येऊन उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"लावा," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं म्हणा की. ओट्यावरच्यांना त्या दिवशी बराबर ऐकू आल्तं."

"लावा, शेठ! मोटर लावा! दोन लावा!"

ओट्यावर हशा पिकला. शेठजींनी रिसीव्हर पुढं केला. मी हात लांबवायच्या आत पोरीनं तो घेतला. "हो, मीच. येते. उद्या सकाळी ऑफिस उघडायच्या आत येते."

साहेबांना न विचारताच त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गाडीत बसलो. ॲडमिशन झालं. तिची हॉस्टेलची सोय लावून एकटाच परत निघालो, तर मनात कॉलेजची इमारत नाही, शेठजींची मिशी. अहमदनगर मागं पडेपर्यंत बेत पक्का झाला. गल्लीत दारोदार पेढे वाटायचे. शेठजींच्या अलीकडच्या घरी द्यायचे, पलीकडच्या घरी द्यायचे, त्यांच्या दारासमोर थांबून पुड्याची दोरी नीट बांधायची आणि पुढं जायचं. शेठजी ओट्यावर असायला हवेत म्हणून वेळसुद्धा ठरवली, संध्याकाळच्या चहाची.

घरी आल्या आल्या बायकोला सगळं सांगितलं, दोरी कशी बांधणार ते करूनही दाखवलं. ती रिकाम्या घागरी ओळीनं लावत होती. शेवटची घागर नळाखाली सरकवली आणि म्हणाली, "पेढे त्यांना बी द्या. दोन जास्तीचे द्या. अन् पेढे आणायला जाताल तेव्हा तिथून तसेच बाजारात जा आणि मोटर घेऊन या, त्यांच्याहून मोठी. दोन लावा म्हणलात ना साऱ्या गल्लीदेखत? एक त्यांची हाय. दुसरी आपली. जल्दी करा, उद्या पहाटे नळ येणार हाय."