चेंगदूतला घास, सानगडीतली ओकारी

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. मी राइस मिलच्या मशिनी बसवणारा माणूस. बंद पडलेल्या मशीनला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्या आईच्या बाबतीत घडलं… आणि त्यात माझा हात आहे.

आमचं घर सानगडीला, साकोली तालुक्यात. आई, दादा आणि वहिनी तिथे राहतात, धानाची शेती आहे. आईच्या गळ्यात माळ; घरात अंडंसुद्धा येत नाही. मी नागपूरला नोकरीला. बाहेर मी सगळं खातो हे तिला माहीत आहे, पण ती विचारत नाही.

गेल्या वर्षी कंपनीने मला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला चीनमध्ये चेंगदूला पाठवलं. भलं मोठं शहर. पहिल्याच संध्याकाळी ट्रेनिंग देणाऱ्या लिऊ मॅडम आम्हाला हॉटपॉट खायला घेऊन गेल्या. टेबलाच्या मधोमध लाल तेल उकळत असतं, त्यात एकेक वस्तू बुडवून शिजवायची. बदकाच्या गोठलेल्या रक्ताच्या वड्या, हात लावला की थरथरणाऱ्या. डुकराचं आतडं – मसाल्यातूनही त्याचा वास वर येत होता. आणि तिथली एक मिरी… ती चावली की ओठ-जीभ बधिर होतात, बारीक करंट बसल्यासारखं वाटतं. मला शिसारी आली. पण एवढ्या प्रेमाने वाढणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? गिळलं.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आईले काल साडेचारपासून बरं नाही. तोंड बधिर झालं म्हणतात. ओठावर मुंग्या चालून राहिल्या म्हणे."

मी म्हटलं, अ‍ॅसिडिटीची गोळी द्या. चेंगदूत संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे साडेचार, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

दोन दिवसांनी बाजारात तिथला आंबवलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, खाल्लं. तुंबलेल्या नालीचा वास, आणि घास घशाखाली गेल्यावरही नाकातून हटत नाही. त्याच दिवशी आईने वहिनीला घर दोनदा धुवायला लावलं होतं. कुठेतरी नाली फुटली म्हणे. वास फक्त तिलाच येत होता. दादाने तिला साकोलीला डॉक्टरकडे नेलं. बीपी, शुगर, सगळं ठीक. पण तिचं जेवण सुटलं. भाताचा घास तोंडाजवळ नेला की उमासे यायचे.

मग एकदा ती स्वतः फोनवर आली. आवाज खोल गेलेला.

"काय खाऊन राहिला रे तू तिकडे?"

"भातच खातो ना आई."

"मंग मले रक्ताची चव काहून येऊन राहिली?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आलं – एकदा चेक करून पाहू.

शुक्रवारी पुन्हा हॉटपॉटला गेलो तेव्हा मी स्वतःहून डुकराचा मेंदू मागवला. लिऊ मॅडमला नवल वाटलं. पांढुरका, वर लाल शिरांचं जाळं. तेलातून काढला तेव्हा चमच्यात लिबलिबत होता. मी घड्याळ पाहिलं… सात वाजून दहा मिनिटं. जिभेवर ठेवला. चावावं लागलंच नाही. आपोआप विरघळला आणि टाळूला चिकटून बसला.

साडेसातला बाहेर येऊन फोन लावला. दादाने उचलला.

"आई ओकून राहिली, मंग बोलतो."

"कधीपासून?"

"आत्ताच, वीस मिनिटं झाली. जिभेवर काहीतरी मऊ बसलं म्हणते, निघूनच नाही राहिलं. नखानं खरवडून राहिली जीभ. रक्त काढलं तिनं, बावा."

मी आत येऊन हॉटेलच्या बेसिनवर वाकलो. लिऊ मॅडम गरम पाणी घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, तिखट लागलं. मला किळस त्या मेंदूची नव्हती आली. माझीच आली होती.

उरलेले बारा दिवस मी कोरा भात, काकडी आणि केळी, एवढंच खाल्लं. तिसऱ्या दिवशी वहिनीने सांगितलं, "आई जेवल्या आज. वरण-भात."

परत आल्यावर सरळ सानगडी गाठलं. आईने ताट वाढलं, समोर बसली. तिने न विचारताच मी सगळं सांगून टाकलं, शुक्रवारचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवडलं तरी का तुले?"

"नाही."

"मंग काहून खाल्लं?"

मी ताटातला भात कालवत राहिलो. तिने आणखी भात वाढला.

त्यानंतर मी मांसाहाराला हात लावलेला नाही, आणि तिलाही तसा त्रास पुन्हा झाला नाही. योगायोग म्हणा, काही म्हणा. तिला नागपूरच्या दोन डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. जिभेवरची जखम कधीच भरली. पण आईला अजून मिठाची चव कळत नाही. भाजीत मीठ आता वहिनीच घालते.